फुंकबाईचा मुलगा फुंकतो

विमानतळावर तिला खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी कामी यायचं. एरवी सगळे वैमानिक तिला फुंकबाई म्हणायचे. उड्डाणाआधी प्रत्येकाने तिच्या टेबलापुढे उभं राहायचं, तिने पुढे केलेल्या नळीत जोरात फुंकायचं आणि यंत्रावर शून्य उमटलं की मगच विमानाकडे वळायचं. शून्याऐवजी दुसरं काही उमटलं तर यंत्र लाल होऊन किंचाळायचं आणि समोरचा माणूस पांढराफटक पडायचा.

शिकलेली ती परिचारिका. रुग्णालयात होती तेव्हा रोगी निदान आजारी असल्याचं कबूल तरी करायचे. इथे प्यायलेला असा कुणी नसायचाच. कुणी खोकल्याचं औषध घेतलेलं असायचं, कुणी दाढीनंतर गालाला काहीतरी चोपडलेलं असायचं. एकाने तर बायकोने रागाच्या भरात अंगावर अत्तराची बाटली फेकल्याचं सांगितलं आणि साक्षीला बायकोलाच फोन लावला. बायको म्हणाली, "बाटली फेकली हे खरं आहे. पण ती अत्तराची नव्हती."

कामाची एक रीत ठरलेली होती. प्रत्येक वैमानिकाआधी फुंकबाईने स्वतः एकदा फुंकून दाखवायचं, म्हणजे यंत्र ठणठणीत आहे याची सगळ्यांना खात्री. मग नळी बदलायची आणि यंत्र वैमानिकापुढे धरायचं. दिवसभर फुंकून फुंकून बायकोत भांडायलाही श्वास उरत नाही, असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा. त्यात काडीचंही तथ्य नव्हतं.

खोलीत कॅमेराही होता. आधी तो तोंडावर रोखलेला होता. पण गाल फुगवलेलं चित्रण आपल्या प्रतिष्ठेला शोभत नाही, अशी वैमानिकांच्या संघटनेने तक्रार केली. बैठकांवर बैठका झाल्या, चहा झाला, आणि कॅमेऱ्याची मान खाली वळवण्यात आली. आता त्यात टेबल, यंत्र आणि नळी एवढंच दिसायचं. नळीला तोंड कुणाचं लागलंय ते दिसायचं नाही. साहेबलोकांची प्रतिष्ठा वाचली.

अशा या फुंकबाईचा मुलगा वैमानिक झाला. काही वर्षं तो शेजारच्या खुर्चीत बसून दुसऱ्या कॅप्टनचं ऐकत राहिला आणि आता स्वतः कॅप्टन झाला. त्याच्या खांद्यावरच्या तीन पट्ट्यांशेजारी चौथी पट्टी बापाने स्वतःच्या हाताने शिवली. बाप शिंपी होता. लोकांचे कपडे महिना महिना रखडवायचा, ही पट्टी मात्र तासाभरात झाली. कॅप्टन म्हणून पहिल्याच उड्डाणाला घरच्या तिघांनी तिकिटं काढली: बाप, आत्या आणि मामा.

मामा म्हणजे फुंकबाईचा थोरला भाऊ. उभा जन्म ट्रक चालवलेला. घोटभर पोटात असली की हात थरथरत नाही, असं त्याचं ठाम मत होतं आणि ते तो न विचारता सांगायचा. आदल्या रात्री घरी जेवणावळ झाली. फुंकबाईची सकाळची पाळी, म्हणून ती लवकर झोपली. झोपताना भावाला बजावलं, "पोराला देऊ नकोस हं." मामाने गळ्याची शपथ घेतली. कुणाच्या गळ्याची, ते तिने विचारलं नाही.

घरच्या माणसाला घरच्याने तपासायचं नाही, असा दंडक. मुलाची तपासणी एरवी शेजारच्या टेबलावरची बाई करायची. नेमकी त्याच दिवशी तिची दाढ सुजली आणि ती आलीच नाही. सकाळी मुलगा आला तो थेट आईपुढे. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, तोंडात पुदिन्याची गोळी.

फुंकबाईने रीतीप्रमाणे आधी स्वतः फुंकलं. शून्य. नळी बदलून यंत्र पुढे धरलं. त्याने हात पुढे केला नाही.

"आई, पाणी आहे का गं?"

पाणी मागणारे तिने आयुष्यात खूप पाहिले होते.

"किती घेतलीस?"

"मामा म्हणाला, एकच."

"मामा काय म्हणाला ते नाही विचारलं."

"मोजली असती तर थांबलो असतो ना," तो पुटपुटला. "आई, आज लाल आलं तर परवाना जाईल. ही पट्टी पुन्हा मिळायची नाही."

तेवढ्यात फोटो काढायला म्हणून तिघं नातेवाईक आत घुसले. इथे बाहेरच्यांना मज्जाव, पण फुंकबाईची माणसं म्हणून दारावरच्याने सोडलं होतं. काय झालंय ते कळल्यावर आत्याने डोळ्यांना पदर लावला आणि बाप मटकन खुर्चीत बसला. मामा तेवढा डगमगला नाही. त्याने कॅमेऱ्याच्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं आणि म्हणाला, "एवढंच ना? मग तूच फुंक की! नाहीतरी दिवसभर तेच करतेस."

"दादा, शरम वाटते का?"

"अगं, पोरगा शुद्धीत आहे. बघ कसा ताठ उभाय! मी तर याच्या दुप्पट घेऊन घाट उतरलोय."

"एकदाच फुंक गं," बाप खालच्या आवाजात म्हणाला. "लेकराच्या जन्माचा प्रश्न आहे."

फुंकबाईला संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण नळी तिच्या ओठांपाशी पोचली होती. हात कधी वर गेला ते तिला कळलंच नव्हतं.

"फुंकते," ती म्हणाली. "तुम्ही तिघं बसताय ना पण विमानात?"

"म्हणजे काय! बसणारच," मामा म्हणाला.

मग आत्याने गुडघा धरला. "वहिनी, माझा गुडघा कालपासून धरलाय हो. वर गेल्यावर वाढला तर?"

"काल रात्री नाचत होतात, वन्सं."

"त्यानेच धरला असेल."

मामाने घसा खाकरला. "मी तर बसतोच. पण घरचा नळ चालू राहिलाय बहुतेक."

"तुझ्या नळाला चार दिवस पाणी नाही म्हणून तू आमच्याकडे अंघोळीला आलास ना?"

"तेच ना! आलं असेल तर?"

राहिला बाप. त्याने पिशवी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. "असं करू," तो मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तू हो पुढे. मी मागच्या विमानाने येतो."

मुलाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. रात्री खांद्यावर घेऊन नाचवणारी हीच माणसं. "म्हणजे कुणीच नाही?" त्याने विचारलं.

"मी बसेन," फुंकबाई म्हणाली. "डोळे मिटून विमान चालवतो म्हणालास तरी तुझ्या मागे बसेन, कारण तू माझ्या पोटचा आहेस. पण बाहेर जी माणसं रांगेत उभी आहेत, त्यांचा तू कोण लागतोस रे?"

त्याने तिच्या हातातून नळी घेतली आणि फुंकलं. यंत्र किंचाळलं. नियमाप्रमाणे चूळ भरायला लावून, थोडा वेळ बसवून तिने त्याला पुन्हा फुंकायला लावलं. यंत्र पुन्हा किंचाळलं. तिने साहेबांना फोन करून मुलाचं नाव सांगितलं. आडनाव सांगताना तिचा आवाज फुटला, म्हणून ते दोनदा सांगावं लागलं.

दुसरा कॅप्टन धावतपळत आला, फुंकून शून्य दाखवून विमानाकडे गेला. ते पाहताच मामाला नळ बंद केल्याचं लख्ख आठवलं. तिकिटाचे पैसे परत मिळणार नव्हते. बापाने ओशाळून बायकोकडे पाहिलं, पण पिशवी काही खाली ठेवली नाही. आत्या तर त्या गुडघ्यानिशी दोघांच्या पुढे धावत सुटली.

खोलीत मायलेक उरले. मुलगा टेबलाच्या कडेला टेकून खाली बघत होता.

"आई, एक विचारू? तू खरंच फुंकणार होतीस?"

तिला खोटं बोलता आलं असतं. इतक्या वर्षांत खोटं कसं बोलतात, ते तिने चांगल्या चांगल्यांकडून ऐकलं होतं.

"ते तिघं बसायला तयार झाले असते," ती म्हणाली, "तर फुंकलं असतं मी."