चिकटवलेली पानं

आमच्या चर्चच्या तळघरात दोन कपाटांचं ग्रंथालय आहे, आणि एकतीस वर्षं ते एल्वेरा गोर्ट्झकाकूंच्या ताब्यात होतं. प्रत्येक कादंबरी आधी त्या वाचत. न पटलेली दोन पानं कणकेच्या खळीने एकमेकांना चिकटवत, मगच पुस्तक बाहेर जाई. कॅन्ससमधल्या आम्हा मेनोनाइट पंथाच्या बायकांना यात काही वावगं वाटत नसे.

"काकू, इथे चुंबन असणार," मी चिडवायची.

"चुंबनाने कुणाचं वाटोळं होत नाही गं," त्या म्हणायच्या.

काकूंचा जीव होता तो आमच्या पूर्वजांवर लिहिलेल्या कादंबऱ्यांवर. सोळाव्या शतकात युरोपात श्रद्धेपायी नदीत बुडवलेली ती माणसं. रविवारी जेवणं उरकली की काकू कॉफी आणि झ्वीबाक पाव घेऊन वाचायला बसत आणि लपूनछपून नाही, तर उघड रडत. पाद्रीबाबांच्या प्रवचनाला मात्र त्यांचा हटकून डोळा लागे. देव त्यांना गोष्टीतच भेटायचा, आणि मला त्याचा हेवा वाटायचा.

त्यांची मुलगी लोरीन याच पुस्तकांवर वाढली. तिचा चार वर्षांचा मुलगा शेततळ्यात बुडून गेला, तेव्हा तिच्याने प्रार्थना होईना. काकूंनी तिला कादंबरी दिली. त्यातली नायिका माइकेसुद्धा मूल गमावते आणि शेवटी गात गात नदीकडे जाते. दोन दिवसांत लोरीनने पुस्तक टेबलावर आपटलं.

"आई, यात कुणीच मोडत नाही. मग मीच तेवढी नासकी."

ती विचिटा शहरात निघून गेली. अकरा वर्षं नाताळचा एक फोन, तोही हवापाण्याचा.

मग एका शनिवारी काकू तेच पुस्तक घेऊन चर्चच्या स्वयंपाकघरात आल्या. "किटली ठेव," म्हणाल्या. वाफेवर त्यातली चिकटवलेली पानं सुटली, पण निम्मी अक्षरं खळीबरोबर निघून आली. उरलेल्यावरून मला कळलं. मूल गेल्यावर माइके कोतवालासमोर श्रद्धा सोडते. घरी येते. मंडळीतल्या म्हाताऱ्या तिच्याजवळ नुसत्या बसून राहतात, कुणी काही बोलत नाही.

गेलेल्या ओळी काकूंनी पेनाने भरल्या. एकदाही अडल्या नाहीत.

"तुम्हाला पाठ आहे?" मी विचारलं. मला रागच आला होता.

"सगळ्यात जास्त रडले ते इथेच. वाटलं, पोरींनी हे वाचलं तर पडायला शिकतील."

पुस्तक टपालाने गेलं. आठवड्याने लोरीनचा फोन आला, तेव्हा मी काकूंच्याच घरी होते. रिसीव्हरमधून तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आई, मला पुस्तक दिलंस तेव्हा तुला ही पानं माहीत होती?"

काकूंना खोटं बोलता आलं असतं.

"होती," त्या म्हणाल्या.

पलीकडून फोन ठेवला गेला. काकूंनी रिसीव्हर जागेवर ठेवला, आणि मी कॉफीचे कप विसळत राहिले, कारण दुसरं काय करणार.

त्यानंतर ग्रंथालय मी सांभाळू लागले, आणि दर रविवारी त्या तळघराचा जिना उतरून यायच्या. "आलं का गं पुस्तक परत?"

"नाही काकू."

"मग अजून वाचत असेल," त्या म्हणायच्या.

मार्चमध्ये काकू गेल्या. पुस्तक अजून आलेलं नाही.