टेपमधला खोकला

"बंद कर ते! सासू बसलीय तिथं!"

कमलबाई अशा कडाडल्या, की अहमदपूरच्या स्टँडवरची लातूर गाडी घाबरून वेळेवर सुटली. समोरच्या संशोधक पोरीनं लॅपटॉप मिटला. बाईंनी पूर्वी घेतलेली एक मुलाखत तिला प्रबंधात वापरायची होती, म्हणून ती नांदेडहून आली होती. टेपमध्ये चाकूरची सोनाबाई सांगत होती, "दुष्काळात पोटभर खाल्लं. घरात कुणी उपाशी न्हाई." एवढ्या दोन वाक्यांवर पोरीनं अख्खं प्रकरण उभं केलेलं : एकत्र कुटुंबातल्या सुनांना दुष्काळाची झळ लागलीच नाही!

"मॅडम, सासूचा आवाज कुठंय यात?"

"खोकतीय की! टेपमध्ये माणूस एकटा नसतो, पोरी."

कॉलेजात बाईंचा वर्ग माझ्या शेजारी. त्यांचा इतिहास भिंत फोडून यायचा, त्यामुळं माझी पोरं मराठीच्या पेपरात निजाम लिहून यायची. रिटायर झाल्यावर माझे गुडघे बसले. बाईंचा आवाज काही बसला नाही. नोकरीत असल्यापासूनच अर्ध्या मराठवाड्यातल्या बाया त्यांनी टेपरेकॉर्डरपुढं बसवल्या, उरलेल्या अर्ध्या धसक्यानं आपण होऊन बोलल्या. जुन्या मुलाखती कुणी वापरायला त्यांची ना नव्हती. म्हणायच्या, "शिळ्या भाकरीचे कुटके खुशाल खा. पण भाकर कालची हाय एवढं सांगा, अन् थापणारी जिती असंल तर तिला विचारा."

तर विचारायला आम्ही तिघं चाकूरला निघालो. एसटीत बाईंनी खिडकीला डोकं टेकलं. मग म्हणाल्या, "थकले हो सर. एकदा ऐकलं की काम संपलं, असं वाटायचं. ही माणसं संपतच न्हाईत."

सोनाबाई बाजेवर पडून होती. स्वतःचा तरणा आवाज तिनं डोळे मिटून ऐकला. टेपमधला सासूचा खोकला आला तसा तिचा हात आपसूक डोक्यावरच्या पदराकडं गेला.

"पाहिलंस?" बाई पोरीला म्हणाल्या. मग सोनाबाईकडं वळून, "आता सासू न्हाई. खरं सांग, उपाशी व्हतीस ना?"

"व्हते की."

"मग म्हातारीच्या भ्यानं खोटं बोललीस!"

"भ्यानं कशाला? ती आपल्या वाटची अर्धी भाकर मला द्यायची, अन् 'मी जेवले' म्हणायची. तिच्या म्होरं कसं म्हणू, तरीबी माझं पोट भरलं न्हाई?"

बाईंनी लॅपटॉप ओढून तो खोकला पुन्हा एकदा लावला. पोरीनं भीत भीत विचारलं, "आजी, हे लिहू का मी?"

सोनाबाई कूस बदलत म्हणाली, "लिव्ह. आता ती ऐकायला न्हाई."