कोऱ्या पाण्यातले ठिपके

संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी मी काजूच्या बोंडूंच्या रसापासून कार्बनचे नॅनोकण बनवत होते. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही न दिसणारे हे कण पाण्यात सोडून त्यांच्यावर जांभळा लेसर टाकला की स्वतःचा निळसर उजेड देतात. लेसरचा प्रकाश गाळून फक्त तो उजेड कॅमेऱ्याने टिपायचा. काळ्या पडद्यावर थरथरणारे ठिपके पहिल्यांदा दिसले, तेव्हा मार्गदर्शक बाईंना बोलवायला मी धावतच गेले होते. त्याच चित्रांवर आमचा शोधनिबंध एका परिषदेला गेला.

पंधरा दिवसांनी मी कण न घातलेलं, नुसतं शुद्ध पाणी काचेवर घेऊन लेसरखाली ठेवलं. हे खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं. त्यातही ठिपके होते. पाणी बदललं, काच बदलली, तरी तेच. कुणालाही न सांगता यंत्र बंद केलं आणि मालवणहून कट्ट्याची, माझ्या गावची एसटी पकडली.

दोन दिवस घरीच बसले, डोकं दुखतं म्हणून. एवढे दिवस मी धूळच बघत होते की काय? आईला लेसरमधलं काही कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळत होता. ती एवढंच म्हणाली, "चुकला आसात तर बाईंका सांगून टाक गो."

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन बाईंना सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. काच कशाने पुसतेस, असं त्यांनी विचारलं. मी एप्रनच्या खिशातलं सुती फडकं काढून दिलं. आईच्या जुन्या साडीचं, घरी धुतलेलं. बाईंनी त्याचा धागा लेसरखाली धरला आणि तो निळा पेटल्यासारखा दिसला. धुण्याच्या पावडरीत कपडे पांढरे दिसावेत म्हणून जे घालतात, तेच चमकत होतं. फडक्याची बारीक कुसं काचेला चिकटून पाण्यात उतरत होती, आणि तेच ठिपके दिसत होते.

"आधी निबंध मागे घ्यायचं पत्र लिही," बाई म्हणाल्या. "कारण लपवायचं नाही."

पत्र लिहून पाठवलं. मग नव्या, न पुसलेल्या काचेवर कोरं पाणी ठेवलं. पडदा काळा. त्यानंतर माझा नमुना. बराच वेळ काहीच दिसेना. बाईंनी कॅमेरा उजेड टिपतो तो वेळ वाढवला, तेव्हा चार-पाच फिकट ठिपके हलताना दिसले.

"हे तुझे असतील," बाई म्हणाल्या. "उद्या पुन्हा बघू."

दुसऱ्या दिवशीही ते होते, आणि कॅमेऱ्याला तेवढाच वेळ देऊनही कोऱ्या पाण्याचा पडदा काळाच राहिला.