न सुटणारा उपवास

जर्मनीतल्या गार्चिंगच्या वसतिगृहात आम्हा दोघींत एक स्वयंपाकघर होतं. ती अम्मानची, मास्टर्स करणारी. मी पुण्याची, पीएचडीत रखडलेली. रमजान संपला तरी तिचे रोजे चालूच राहिले. महिन्यात सुटलेले दिवस भरून काढतेय, म्हणाली. मला कौतुकच वाटलं. आमच्या घरी उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस. एकादशी अन् दुप्पट खाशी. ही तर दिवसभर पाणीसुद्धा पीत नव्हती.

उपवासाच्या माणसाला खायचा आग्रह करू नये, हे आईने अंगात मुरवलेलं. म्हणून मी दार लावून जेवायचे. "किती छान बारीक झालीस गं!" असंही एकदा बोलून गेले. आपल्याकडे भेटल्या भेटल्या लोक हेच तर बोलतात. ती त्या दिवशी फार खुशीत होती.

सुटलेले दिवस असे असून असून किती असणार? हा साधा प्रश्न मला मे उजाडेपर्यंत पडला नाही, याची चीड अजून जात नाही. मेमध्येही ती स्वेटरवर स्वेटर घालायची. बाथरूममधून वजनकाटा ओढल्याचा आवाज दिवसातून तीनदा यायचा. मला ऐकू येत होता. मी नुसती स्वयंपाकघरात येरझारा घालायचे, काहीतरी चुकतंय असं वाटत राहायचं, आणि पुन्हा लॅपटॉपसमोर जाऊन बसायचे.

मग संकष्टी आली. माझी संकष्टी मात्र शाळेपासून कडक, चंद्र दिसेपर्यंत फळसुद्धा नाही; एकदाही मोडलेली नाही. इथे या दिवसांत चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. बाकीच्या मैत्रिणी पुण्याच्या वेळेने उपवास सोडून मोकळ्या होतात. मी हट्टी, मला इथलाच चंद्र लागतो.

सूर्य मावळला तशी तिच्या फोनवर अजान झाली. तिने ती बंद केली आणि खोलीकडे निघाली.

"अगं, रोजा सोड की." मी खजुराचा डबा टेबलावर ठेवला.

"भूक नाही."

"भुकेचा काय संबंध? सूर्य मावळला!" माझा आवाज चढला.

ती दारातच थांबली. "रोजे कधीच संपले. तू काही विचारू नयेस म्हणून तसं सांगत होते. फोटो पाठवले की बहिणी म्हणायच्या, जर्मनीत जाऊन फुगलीस. मग तू म्हणालीस, छान दिसतेस. आता मला थांबताच येत नाही."

तिच्यावर ओरडावंसं वाटलं, त्याहून जास्त स्वतःवर. मी डबा तिच्या दिशेने सरकवला.

"आधी तू," ती म्हणाली. माझी संकष्टी तिला ठाऊक होती.

चंद्र उगवायला चार तास होते. मी खजूर तोंडात टाकला. गिळेपर्यंत तिने माझ्यावरची नजर काढली नाही. मग खुर्ची ओढून बसली, एक खजूर घेतला, निम्मा तोडून खाल्ला. उद्या डॉक्टरांकडे येशील का माझ्याबरोबर, असं तिने विचारलं, तेव्हा उरलेला निम्मा तिच्या मुठीतच होता.