पिचरच्या माथी मारलेले रन

“सर, या पोरीले बॉल टाकता येते का नाई, तेवढं कागदावर लिहून द्या,” शेठजी म्हणाले आणि जुन्या स्कोअरशीटची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. शेठजींचं मालेगावात कापडाचं दुकान आहे, आणि आमच्या बेसबॉल संघटनेचे सचिवही तेच. मी निवृत्त गणित शिक्षक. संघटनेत आकडेमोड माझ्याकडे, कारण बाकी कोणाला ती नको असते.

पोरगी म्हणजे इंझोरीची वैशाली. सहा वर्षं आमच्या टीमची पिचर, म्हणजे क्रिकेटमधल्या बॉलरच्या जागची. एका निवासी क्रीडाशाळेत कोचची जागा निघाली होती आणि त्यांनी करिअर रेकॉर्ड मागितलं होतं. वयाच्या अटीत ती या वर्षी जेमतेम बसत होती. पुढच्या वर्षी बसणार नव्हती.

पिचर कसा आहे हे ठरवायला अर्न्ड रन अॅव्हरेज बघतात. सोपं आहे. पिचरच्या स्वतःच्या दोषाने एका मॅचमागे सरासरी किती रन गेले, ते. फिल्डरने हातातला झेल सोडला, तर त्याच्या नावापुढे एरर लिहायची आणि त्यामुळे गेलेले रन पिचरला लावायचे नाहीत. आकडा जितका लहान, तितका पिचर भारी.

वैशालीचा आकडा भलताच मोठा निघाला. मी कॅल्क्युलेटर बदलून पाहिला. आकडा हलला नाही.

“मंग कायची कोच?” शेठजी म्हणाले. “हे तर समोरच्या टीमची सेवा करून राह्यली होती!”

पण बाकीचे रकाने काही वेगळंच सांगत होते. स्ट्राइकआउट म्हणजे मैदानातल्या फिल्डरची मदत न घेता, नुसत्या पिचिंगवर बॅटरला घरी पाठवणं. वॉक म्हणजे चार खराब बॉल टाकून त्याला फुकटात पहिल्या बेसवर पोचवणं. या दोन्हींत करामत किंवा चूक पिचरचीच. वैशालीचे स्ट्राइकआउट ढीगभर, वॉक बोटावर मोजण्याइतके. अशी पिचर एवढे रन देईल कशी?

मी एररचा रकाना पाहिला. सहा वर्षांत एकही एरर नाही. आणि आमच्या फिल्डर पोरी तर सरळ हातात आलेला झेल नाकावर घेणाऱ्या!

शीटखाली स्कोअररची सही होती. माझी.

त्याचं असं आहे. आमच्याकडे मॅच संपली की स्कोअरशीट शाळेच्या नोटीस बोर्डावर लागते आणि अख्खं गाव ती वाचतं. पहिल्याच मॅचला मी एका फिल्डरला एरर दिली, तर तिच्या वडिलांनी रस्त्यात मोटारसायकल आडवी घातली. “माह्या पोरीची इज्जत बोर्डावर काहून टांगली, मास्तर?” मी शीट बदलून तिथे हिट लिहिलं, म्हणजे बॅटरनेच फटका चांगला मारला. तेव्हापासून प्रत्येक सुटलेला झेल हिट झाला. गाव खूश, मला चहा-पोहे. भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या भिडेने भिकेला लागणार होती ती वैशाली.

मला लाज वाटली. दोन दिवस शेठजींचा फोन उचलला नाही. मग स्ट्राइकआउट आणि वॉकचा तक्ता केला आणि खाली लिहिलं: अर्न्ड रन अॅव्हरेज धरू नये, सहा वर्षांच्या एरर मी लपवल्या आहेत.

“हे पाठवलं त तुमची स्कोअररकी गेली समजा,” शेठजी म्हणाले.

“पाठवा.”

क्रीडाशाळेने वैशालीला समोर पिचिंग करायला लावलं आणि तक्ता खरा ठरला. तिला जागा मिळाली, माझी गेली. ती पेढे घेऊन आली, तेव्हा पेढा हातात घेण्याआधी मी तिला सगळं सांगून टाकलं.

“सर, तवाच एरर काहून नाई लिवल्या?”

“तुझ्या मैत्रिणींना वाईट वाटलं असतं.”

“आन मले?”

नव्या स्कोअररना आता एवढंच सांगतो: ज्याचा बाप भांडायला येतो त्याची एरर खोडाल, तर रन पुसले जात नाहीत. जो भांडत नाही, त्याच्या नावावर चढतात.