स्वयंपाकघरातला आवाज

हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात डबा खाताना नवी पोरं मला हमखास विचारतात, "मॅम, एखादा भारी इंडी गेम सांगा ना." इंडी म्हणजे कुणीतरी एकट्यादुकट्याने घरी बसून बनवलेला, मागे मोठी कंपनी नसलेला. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात माझी इतकी वर्षं गेली, म्हणून माझ्या पसंतीला वजन आहे असा त्यांचा समज आहे. मी तो मोडत नाही.

मी दोन सांगते. एकात आपण रिकाम्या इमारतीतली लिफ्ट चालवतो. प्रत्येक मजल्यावर दार उघडतं, आत कोणी येत नाही, पण लिफ्टचं वजन वाढत जातं. दुसऱ्यात घरातले दिवे मालवत अंगणापर्यंत जायचं, एवढंच. मागे वळून पाहिलं की एक दिवा लागलेला असतो. दोन्ही जरूर खेळा. सोबतीला कोणाला बसवलंत तरी हरकत नाही, मीही बसवलं होतं.

तिसरा मी सांगत नाही. तो माझ्यामुळे बिघडला.

तो माझ्याच टीममधल्या एकाने बनवला होता. यवतमाळकडचा, वारज्यात भाड्याने राहणारा, कमी बोलणारा. आई गेल्यावर त्याने गावाकडचं घर बंद केलं आणि वडिलांना इकडे आणलं. वडील चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. ताट समोर ठेवलं तरी तसंच राहायचं. डॉक्टर झाले, औषधं झाली. शेवटी त्याने कम्प्युटरवर गावाकडचं घर उभं केलं. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर. जिंकणं-हरणं काही नाही, नुसतं घरात फिरायचं. आवाजही खरे. घराला कुलूप लावायच्या दिवशी त्याने प्रत्येक खोलीत फोन ठेवून ते रेकॉर्ड केले होते.

वडील माऊस धरून बसू लागले. रोज दुपारी त्या स्वयंपाकघरात जाऊन उभे राहायचे, आणि मग जेवायचे. "बाबा दोन पोळ्या खातात आता," असं कंपनीच्या बसमध्ये मला सांगताना तो रडायच्या बेतात होता. मलाही भरून आलं.

"तू एकदा टेस्ट करून दे ना," तो म्हणाला. "नीट झाला तर लोकांसाठीही टाकीन."

शनिवारी दुपारी मी बसले. माझं घर मंडईजवळ, खाली भाजीवाल्यांचा कालवा, म्हणून खिडक्या लावून हेडफोन घातले. गेममधल्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. बराच वेळ काही नाही. मग माझ्या मागे कुणीतरी भांड्यावर झाकण ठेवलं. बांगड्या वाजल्या. गुडघे दुखणारी बाई खाली बसताना सोडते तसा एक लांब श्वास ऐकू आला. मी वळून पाहिलं. चूल होती, फडताळ होतं, माणूस नव्हतं. हेडफोन काढून मी माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात डोकावून आले. तिथेही कोणी नव्हतं.

घाबरल्यावर माणसं देवाचं नाव घेतात. आम्ही टेस्टिंगवाले नोंद करतो. मी लिहिलं: "स्वयंपाकघरात जा. स्थिर उभे राहा. अपेक्षित: शांतता. प्रत्यक्षात: कोणीतरी आहे. गंभीर चूक." आणि पाठवून दिलं. आधी त्याला फोन करून विचारावं, एवढं साधं मला सुचलं नाही. आमच्यात नोंदलेल्या चुकीची कुणी विचारपूस करत नाही, ती मिटवतात.

त्यानेही मिटवली. सोमवारी बसमध्ये म्हणाला, "काढला तो आवाज. मी तिथे तेवढा वेळ कधी उभाच राहिलो नव्हतो. पण एक सांगू? रेकॉर्ड केलं तेव्हा घरात कोणी नव्हतं. मी आणि बाबा अंगणात होतो."

"मांजर असेल," मी म्हणाले.

"मांजर बांगड्या घालत नाही." आम्ही दोघं हसलो, जरा जास्तच मोठ्याने.

गुरुवारी तो ऑफिसला आला नाही. दुपारी त्याचा फोन आला. वडिलांनी तीन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "तुयी माय आज काहून नाही आली?" आणि या शहाण्याने त्यांना खरं ते सांगून टाकलं होतं, की बाबा, ती चूक होती, काढून टाकली.

त्याच्याकडे जुनी प्रत नव्हती, मूळ रेकॉर्डिंगही त्याने कापून टाकलं होतं. माझ्याकडे होती. पेनड्राइव्ह मुठीत धरून मी रिक्षाने वारज्याला पोचले. काढलेली चूक परत जागेवर यावी म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच धावत होते.

"काका, आता बघा," मी म्हणाले. ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. आम्ही दोघं त्यांच्या मागे. झाकण वाजलं. बांगड्या वाजल्या. तो श्वासही आला, तिघांनीही ऐकला. माझा जीव भांड्यात पडला.

काकांनी तो आवाज पुन्हा एकदा, शेवटपर्यंत ऐकला. मग माऊस हळूच बाजूला सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"हा तं नुसता आवाज हाये, पोरी," ते म्हणाले. "तिले चूक म्हनलं तुमी लोकायनं. आता कायले येईन ते?"