नाचायच्या आधीच बाद

आज २१ सप्टेंबर, रविवार, सकाळी सव्वादहा वाजता पिपरी मेघेतल्या आमच्या कॉलनीने मला नृत्यस्पर्धेतून बाद केलं. एक पाऊलही टाकायच्या आधी.

रीमिक्सवेड्या मंडळींनो, शारदा उत्सवासाठी नाव द्यायला मी मंडळाच्या सचिवांकडे, प्रशांतकडे गेले होते. ते हसले. "मावशी, साठीच्या वरच्या बायांसाठी भजन हाय नं. रीमिक्सवर काऊन नाचता?"

मी म्हटलं, "जुनी चाल ठोक्याखाली बुडते आणि नवी होऊन वर येते, तेव्हा माझे पाय थांबत नाहीत म्हणून. भजनात माझा सूर मात्र जागचा हलत नाही."

तिथेच मेथी निवडत बसलेल्या त्यांच्या आई म्हणाल्या, "पश्या, माह्यं बी नाव लिही. भजनात बसू बसू गुडघे धरून राह्यले."

सचिवांनी मात्र नावं अजून लिहिली नाहीत.

उद्यापासून आम्ही दोघी गच्चीवर सराव करणार आहोत. एखाद्या नव्या इंडी बँडच्या गाण्याचं दणदणीत रीमिक्स कोणाकडे असेल तर सुचवा.

आणि सचिव महोदय, तुम्हीही या ऑनलाइन रीमिक्स कम्युनिटीत आहात. वयाची अट कोणत्या नियमात लिहिली आहे, याचं लेखी उत्तर मला बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत हवं.